खापराखालचा निळा जाळ

वरणगावात नथ्थूभाऊंना दिवसातून दोनदा तरी कुणीतरी विचारायचंच, "काय भाऊ, झाला का बर्नर?" आणि नथ्थू दोन्ही वेळा तेच सांगायचा, "झालाच समजा." या 'झालाच समजा'ची गावानं इतकी थट्टा केली की स्टँडवर एखाद्या रिक्षावाल्याला कधी निघतो विचारलं तर तोही म्हणायचा, "निघालोच समजा, नथ्थूभाऊच्या बर्नरवानी." हसोत बापडे. लोकांना काय, दुसऱ्याच्या घरात काय जळतंय ते बाहेरून थोडंच दिसतं.

माणूस काही येरागबाळा नव्हता. पस्तीस वर्षं फॅक्टरीत फिटर होता. लोखंडाला हात लावला की कुठं अडतंय ते त्याला कळायचं. पण रिटायर झालेला फिटर म्हणजे घराला ताप! पहिल्या सहा महिन्यांत त्यानं चांगला चालणारा मिक्सर खोलला, न कुरकुरणारी दारं उतरवून पुन्हा बसवली, आणि पंख्याचा असा काही कायापालट केला की तो उलटा फिरायला लागला. झुंबरबाई म्हणाली, "तुमले काही काम शोधा, नही तर एक दिस मालेच खोलशात."

काम सापडलं ते धुळ्याला. झुंबरबाईचं माहेर धुळ्याकडचं. चाळीस वर्षं वरणगावात राहून तिची अहिराणी इकडच्या बोलीत मिसळून गेली होती, पण 'आहे'ला 'शे' म्हणणं काही तिनं सोडलं नव्हतं. भावाकडे गेली असता तिला जिना चढवेना, म्हणून भावानं छातीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि नथ्थूला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, विडी ओढता का?"

झुंबरबाईला हसू आलं, आणि हसताना खोकला आला. "व माय! इडी नही साहेब. चूल."

"किती वर्षं?"

"लगीन व्हायच्या आदीपासून."

डॉक्टर नथ्थूकडे वळले. "फुफ्फुसाचा गेलेला भाग परत येत नाही. उरलाय तो सांभाळायचा. धूर बंद. आजपासून."

आता घरात गॅस होताच. चहा, भाजी, भाकरी सगळं गॅसवरच व्हायचं. चूल पेटायची ती फक्त खापरासाठी. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या तापल्या पाठीवर पुरणाचा मांडा पसरायचा. झुंबरबाई कणकेचा पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलायची, आणि बघता बघता तो कोपरापर्यंत वाढायचा. मांड्यातून पलीकडची तिची बांगडी दिसायची. बोदवडपर्यंतच्या लग्नांना आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लोक तिला न्यायला यायचे. गॅसवर खापर मानत नाही. जाळ एका जागी लागतो, मध्ये मांडा करपतो, कडा कच्च्या राहतात, आणि एखाद्या वेळी खापरच तडकतं. त्याला पसरलेला जाळ लागतो, लाकडाचा.

परतीच्या बसमध्ये जळगाव यायच्या आत नथ्थूनं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे एक चित्र काढलं होतं. एक वाटी, वाटीला भोवती छिद्रं, खालून हवा, वरून तेलाचा थेंब.

"काय काढतात?" झुंबरबाईनं विचारलं.

"तुही चूल. धूर नसलेली."

तिनं चित्र बघितलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. सहा महिन्यांत असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. "करा," ती म्हणाली. "तवर मी करते आपल्या चुलीवर."

आणि नथ्थू 'हो' म्हणाला. अहो, डॉक्टर काय म्हणाले होते? आजपासून! पण फिटरला कुणी सांगितलं की अमुक बंद करा, तर त्याच्या डोक्यात आधी पाना येतो. तोंड उघडून बायकोला सांगावं, हे शेवटी येतं.

हायवेवर कौतिकचं केळीच्या वेफर्सचं दुकान होतं. तळून तळून काळं पडलेलं तेल तो टाकूनच द्यायचा. "न्या भाऊ, माहा नाला तरी तुंबणार नाही," असं म्हणून त्यानं डबा भरून दिला. नथ्थू ते तेल जुन्या धोतरातून दोनदा गाळायचा आणि भिंतीवर टांगलेल्या डब्यात भरायचा. डब्यापासून बारीक नळी, नळीला चावी, चावीतून मोजून थेंब. हवेसाठी पंखा लागला, तर पुण्याला असलेल्या मोहिनीनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा काढून पाठवला. पंख्याबरोबर फोनही आला. "पप्पा, बर्नर वगैरे ठीक आहे. पण आईला चुलीजवळ बसू देऊ नका."

"अव, त्याच्याचसाठी तर करून राह्यलो मी."

"ते होईल तेव्हा होईल. तुम्ही तिला सांगा ना."

"झालाच समज," नथ्थू म्हणाला.

पहिल्या बर्नरनं त्याच्या भुवया नेल्या. दुसऱ्यानं पडवीचं छत काळं केलं. तिसरा नुसताच फुरफुरायचा आणि विझायचा. छिद्रं सरळ पाडली तर जाळ पिवळा. तिरपी पाडली तर हवा वाटीत गरगर फिरायची आणि जाळ बसायचा, पण मग तेल कमी पडायचं. वाटी पातळ असली तर वाकायची, जाड असली तर तापायलाच अर्धा तास. नथ्थू सकाळी चहा घेऊन पडवीत बसायचा तो जेवायलाच उठायचा. आणि खरं सांगायचं तर गडी सुखात होता, छिद्रं पाडता पाडता गाणं म्हणायचा. रिटायर झाल्यावर सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं होतं, आणि आता पुन्हा त्याच्या हाताला काळं लागत होतं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला झुंबरबाई चुलीशी बसायची, फुंकणीनं फुंकायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. तो खोकला ऐकला की नथ्थूचा हात आणखी भराभर चालायचा. उठून तिकडे मात्र तो गेला नाही.

दुसरा उन्हाळा आला तेव्हा सातवा बर्नर निळा जळला. पिवळ्याचं टोकसुद्धा नाही. नथ्थूनं स्टीलचं चकचकीत ताट सांडशीनं जाळावर धरलं, शंभर आकडे मोजले आणि उलटं करून पाहिलं. काजळीचा ठिपका नाही! त्यानं ताट गल्लीभर फिरवून दाखवलं. तेलाच्या कढईखाली बर्नर लावून पाहिला, पातेल्याखाली लावून पाहिला. सगळीकडे निळा.

फक्त खापराखाली लावून पाहिला नव्हता. त्याला कारण होतं. खापराला नथ्थूचा हात लागलेला झुंबरबाईला चालत नसे. तेलकट हाताचं एक बोट जरी खापराला लागलं, तरी तिथं मांडा धरत नाही, सरकतो आणि फाटतो. आणि नथ्थूचे हात तर दोन वर्षं तेलातच. म्हणून खापर वरच्या फळीवर, फडक्यात, त्याच्या हातापासून लांब. त्यानंही कधी माप मागितलं नाही. खापर म्हणजे काय, मातीची कढईच की, असं तो धरून चालला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं आंघोळ करून खापर उतरवलं आणि स्वतःच्या हातानं बर्नरवर पालथं घातलं. शेजारच्या चार बायका बघायला आल्या होत्या. नथ्थूनं चावी सोडली. निळा जाळ खापराच्या पोटात शिरला आणि दोन मिनिटांत गुदमरला. कढई वर उभी असते, जाळाला आजूबाजूनं वाट असते. खापर तर जाळाला वरून झाकूनच टाकतं. हवेला जागा नाही, जळलेल्याला बाहेर पडायला जागा नाही. कडेनं पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असा सुटला की बायका पदर नाकाला लावून पळाल्या. कौतिकच्या शिळ्या तेलाचा धूर तो! झुंबरबाई कमरेत वाकून खोकत राहिली, चेहरा जांभळा पडला. नथ्थू धावला तो आधी चावी बंद करायला. मग पाणी आणायला.

दम परत आल्यावर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. होईल पुढच्या बारीले." आणि तिनं लाकडं ओढून घेतली. तीस घरचे मांडे खोळंबले होते. नथ्थू त्या वेळी काय करत होता सांगू? खापराची कड किती वर उचलली तर हवा खेळेल, ते वितीनं मोजत होता.

त्याला आणखी सात महिने लागले. शेवटी त्यानं बर्नरभोवती लोखंडी कडं बसवलं, कड्यावर खापर टेकायला तीन बोटभर उंच खुंट्या, आणि एका बाजूनं जळलेली हवा ओढून बाहेर टाकणारी नळी थेट छपरातून वर काढली. कार्तिकात एका सकाळी झुंबरबाईनं खापर ठेवलं. जाळ पोटात गेला आणि निळाच राहिला. तिनं पाण्याचा हात फिरवला, चर्र झालं, चारी बाजूंनी सारखंच. मांडा टाकला. कडा आणि मध्य एकदमच तांबूस झाले. पाच मांडे केले तिनं, आणि पाच मांडे होईपर्यंत एकदाही खोकली नाही. नथ्थू ताट घेऊन उभा होता, काजळी बघायला, पण त्याला ताट धरायचं सुचेना. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि या वेळी त्या धुरानं नव्हत्या.

"चांगला शे," ती म्हणाली. "लई चांगला शे."

दोन वर्षं आणि वर काही महिने. एवढ्या काळात तिची छाती कुठवर गेली, ते बघायला दोघांपैकी कुणीही पुन्हा धुळ्याला गेलं नव्हतं. झुंबरबाई आता खाटेवरून बर्नरपर्यंत जाताना मध्ये एकदा भिंतीला धरून थांबायची. नथ्थू म्हणायचा, "आता धूर नाही, आता होईल बरं."

पौषानंतरच्या लग्नसराईत धुळ्याच्या योगराज केटरर्सचं बोलावणं आलं. हायवेवरचं मोठं लॉन, दुपारचं लग्न, आणि पंगतीच्या तोंडाशी झुंबरबाईचे मांडे, पाहुण्यांच्या समोर गरमागरम. नथ्थूनं बर्नर पोत्यात बांधून बसच्या टपावर चढवला. त्याच्या मनात होतं, धुळ्याच्या लोकांनी एकदा बघू दे.

योगराज माणूस गोड बोलणारा. "या अक्का, या भाऊ, तुमचीच वाट बघत होतो." मग त्यानं पोत्यातून निघालेली नळी पाहिली, पंखा पाहिला, टांगायचा डबा पाहिला. "हे काय शे भाऊ? पंप लावी राह्यनात का?"

नथ्थूनं सांगितलं. धूर नाही, काजळी नाही, जाळ सारखा.

"धूर नाही?" योगराजनं मागच्या फलकाकडे बोट दाखवलं. 'चुलीवरचे खान्देशी मांडे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, भोवती झेंडूच्या माळा. "भाऊ, लोकं इथं फोटो काढतात. चूल पेटलेली दिसली पाहिजे, धूर दिसला पाहिजे. यजमानांनी मुद्दाम सांगितलंय. हे तुमचं नंतर बघू आपण, आज बाजूला ठेवा." शेजारी विटांची चूल मांडलेलीच होती. बाभळीची लाकडं ओली निघाली तरी चालतील, असंही तो म्हणाला, धूर चांगला होतो.

नथ्थूला राग आला. भयंकर आला. पण तो कशाचा? माझा बर्नर बाजूला ठेव म्हणतो, याचा. झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. चांगलं दोन-तीन श्वास होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एकच दिस शे." आणि पदर खोचून चुलीपुढे बसली.

तेव्हा एक शब्द पुरला असता. चल. ऊठ. घरी जाऊ. योगराज थोडा ओरडला असता, ताटातला एक पदार्थ कमी झाला असता. नथ्थू म्हणाला, "बरं."

तो बर्नर घेऊन मंडपाच्या मागं गेला. रिकामं बसवेना, म्हणून पेटवून पाहिला, हालून काही बिघडलं तर नाही ना. तिथं हात धुवायला आलेला एक पाहुणा थांबला, चष्मेवाला, कुठल्याशा कॉलेजात शिकवणारा. "अरे वा, वापरलेल्या तेलावर? आणि पंखा किती व्होल्टचा?" बस्स! नथ्थूला दोन वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं तिरपी छिद्रं दाखवली, कडं दाखवलं, तीन खुंट्या का ते सांगितलं, खापर का गुदमरत होतं तेही सांगितलं. पाहुण्यानं आणखी दोघांना बोलावलं. "काका, याचं पेटंट घ्या," असं कुणीतरी म्हणालं. नथ्थूनं जवळचं स्टीलचं ताट उचलून त्यांच्यासमोर जाळावर धरलं आणि उलटं करून स्वच्छ दाखवलं. टाळ्या वाजल्या. कनातीच्या पलीकडून खोकल्याचा आवाज येत होता. त्याला तो ऐकू येत होता, नाही असं नाही. मग खोकला थांबला, आणि थांबला याचं नथ्थूला बरं वाटलं.

योगराजच धावत आला. "भाऊ, अक्का पडल्या."

चुलीसमोर ती एका कुशीवर पडली होती, हात कोपरापर्यंत कणकेचे, ओठ निळे. खापरावरचा मांडा जळत होता. एका मुलीच्या हातातला मोबाइल अजून तसाच समोर धरलेला होता.

नऊ दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टर तेच, छातीचे. या वेळी ते रागावले नाहीत, आणि त्यानंच नथ्थू जास्त घाबरला. "घरी न्या," ते म्हणाले. "आता चोवीस तास ऑक्सिजन लागेल. मशीन देतो. एक लक्षात ठेवा, त्या नळीच्या आसपास जाळ नको. गॅस नको, उदबत्ती नको, देवाचा दिवासुद्धा नको."

"बिनधुराचा असला तरी?" नथ्थूनं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुठलाच नको, काका. आणि त्यांना आता दोन पावलं चालवणार नाही. चुलीचं सोडा."

घर ते काय, दोन खोल्या आणि पडवी. खाट पडवीत, कारण उजेड आणि वारा तिथंच. शेजारणी आळीपाळीनं डबा देऊ लागल्या. मशीन दिवसभर घुमायचं. बर्नर तिथंच कोपऱ्यात पोत्यात होता, लखलखीत, एकाही चुकीशिवाय.

माघ संपता संपता बोदवडचा जीवराम नावाचा माणूस विचारत विचारत आला. लॉनवर त्यानं बर्नर पाहिला होता. "भाऊ, माही माय पन खापरावर करते. लई खोकते. मले बनवून द्या एक."

नथ्थू किती तरी दिवसांनी नीट बसला. पोतं सोडलं, कडं काढलं, वाटी जीवरामच्या हातात दिली. "हे पाहा, छिद्रं तिरपी पाहिजे. तुमच्या खापराचं माप आनून द्या. दोन महिने द्या मले. फार तर तीन."

खाटेवर हालचाल झाली. झुंबरबाईनं नळी नाकाशी धरली आणि उठायचा प्रयत्न केला. शब्द एक एक करून आले.

"बाबा. याच्यासाठी थांबू नको. घरी जा. आन मायले सांग, बस कर. आजच सांग."

जीवराम गडबडला. त्यानं नथ्थूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही ऐकत हो ती, अक्का."

"सांगून पाह्यलं का?"

वाटी हळूच खाली ठेवून, दोघांना हात जोडून तो निघून गेला. नथ्थू वाटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी म्हनलो असतो तर तू ऐकलं असतं?"

"तुमी म्हनलंच नही. माले काय ठाऊक."

"मले वाटलं, तुहा जीव आहे त्याच्यात. मांड्यात. कसं बंद कर म्हनू?"

झुंबरबाई हसली असावी. नळीमुळं नीट कळलं नाही. "मांडा करू करू हात मोडी गयेत मना. जीव कसाचा." तिनं दम घेतला. "पन तुमी तठे बसतात, गानं म्हनतात, छिद्रं पाडतात. मी म्हनलं, चूल बंद केली तर हाई मानूस बर्नर कोनासाठी करी? म्हनीसन चुलीपुढे बसली मी."

नथ्थू उठला. मशीनचा आवाज बरोबर येतोय का ते त्यानं कान लावून पाहिलं. बरोबर येत होता. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तो तिच्या पायाशी बसला आणि मोठ्यानं रडायला लागला, आणि ती त्याला, दम पुरेल तेवढंच, उगी उगी म्हणत राहिली.